गार पाण्यात

रक्ताचा डाग गार पाण्यातच निघतो.
गरम पाणी लावलंत की बसतो तो, कापडाचाच होऊन जातो.
तीस वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कपडे धुतोय मी,
एवढं एकच शास्त्र मला येतं.

नेब्रास्काच्या सपाट रानात
दर शनिवारी साठ हजारांचं शहर उगवतं,
लाल टोप्या, सॉसेजचा धूर, बँडचा दणका,
आणि रविवारी माझ्या तळघरात उरतात
ब्याण्णव जर्सी, चिखलासकट.

ओडेल प्रुडोम. एक्केचाळीस नंबर.
लुइझियानाचा पोरगा, मान बैलाची, आवाज कुजबुजता.
रविवारी रात्री मेस बंद,
म्हणून ड्रायरपाशी येऊन बसायचा उबेला
आणि माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच
नको नको म्हणत संपवायचा.
वर, जिन्याच्या टोकाशी, दुकानात
त्याचा नंबर टांगलेला : साठ डॉलर.
एकदा विचारलं, यातलं तुझ्या वाट्याला काय येतं रे?
"शिक्षण येतं, मिस्टर क्राउस,"
म्हणाला, आणि गुडघ्यावरची बर्फाची पिशवी
जरा सरकवून घेतली.

नोव्हेंबरात त्याची आजी गेली.
बसचं भाडं, जाऊन येऊन, एकशे ऐंशी.
माझा पगार झाला होता. दिले.
माणूस दुसरं काय करतो?

मग तीन टाय आले.
नम्र, गुळगुळीत माणसं, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या.
"खेळाडूला पैसे दिलेत का तुम्ही?"
हो, म्हणालो.
त्या 'हो'शी मी अजून रात्रीबेरात्री भांडतो.
ओडेल चार सामने बाहेर,
आणि तेच चार सामने बघायला
मोठ्या संघांची माणसं यायची होती.
प्रशिक्षकाला त्याच वर्षी बोनस मिळाला,
तळ्याकाठी घर झालं.
त्याच्या मुलाचे टॉवेलही मीच धुतले,
राग म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो.

आता नियम बदललाय.
नवा क्वार्टरबॅक, केडन लिंडक्विस्ट, वय एकोणीस,
हायवेवर गादीच्या जाहिरातीत आडवा पडलाय, वीस फूट लांब.
मोजे उलटेच टाकतो धुवायला.
चीड येते? येते थोडी, खोटं का बोलू.
पण ती त्याची नाही, गादीवाल्याचीही नाही.
उशिराची आहे.

आणि ती इनेस आख्टरबर्ग,
अडथळ्यांवरून तीन हजार मीटर धावते,
शर्यत संपली की ओकते, उठते, बूट स्वतःच धुते.
तिला कुणी गादीचं विचारलेलं नाही.
बाजार उघडला म्हणून
सगळ्यांचीच बोहनी होते असं थोडंच आहे.

म्हणणारे अजून म्हणतात, पैशानं खेळ बाटतो.
साठ हजार तिकिटांनी नाही बाटला,
टीव्हीवाल्यांच्या ट्रकांनी नाही,
फक्त पोराच्या खिशात शिरतानाच पैसा ओवळा होतो.
हे सोवळं मला कधी कळलं नाही.

गेल्या महिन्यात ओडेलचा फोन.
लेक चार्ल्सला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो,
जिना दिसला की आधी पायऱ्या मोजतो.
"लेकीला खरंच वाटत नाही मी खेळायचो.
जुनी जर्सी असेल का एखादी?"
जुन्या जर्सींची फडकी झाली केव्हाच.
मीच केली.

वर दुकानात गेलो.
'आठवणीतले वीर' असं नवं कपाट आहे तिथं.
एक्केचाळीस. एकशे तीस डॉलर, वर कर.
"तुमचा आवडता खेळाडू का?" गल्ल्यावरच्या पोरीनं विचारलं.
मी कार्ड पुढे केलं.

पार्सल करण्याआधी तळघरात आणली,
नवी कोरी, डाग एकही नाही,
तरी मशीनमध्ये टाकली
गार पाण्यात.